आपल्या शेजारचं गावठाण

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा" असा संपादक मंडळाचा निरोप आला. सोलापूरचा इतिहास म्हटलं की किल्ला, सिद्धेश्वर महाराज आणि 1930 चा मार्शल लॉ आठवतो. त्यावर अधिकारानं लिहिणारी मंडळी आपल्या शहरात आहेत. माझं आयुष्य बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेलं. त्या फायलींतून मला जो इतिहास दिसला तोच मी सांगणार. तो आहे आपल्या गेटपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या बाळे गावठाणाचा.

निमित्तही आहे. गेल्या वार्षिक सभेत गावठाणातला बोळ रुंद करून मिळावा असा अर्ज महापालिकेला द्यायचं ठरलं. बहुतेकांनी सह्या केल्या. मी केली नाही. का नाही, ते त्या गडबडीत मला नीट सांगता आलं नाही. आज सांगतो.

सोळा गावं मिळून सोलापूर झालं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आदिलपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी, काळजापूर, राणापूर, सोनलगी अशी नावंही सांगतात. अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. सोन्नलगी या जुन्या नावावरून सोलापूर आलं असं ते म्हणतात. ते काही असो. त्या सोळांपैकी आज किती गावं दाखवता येतील? काळजापूरचं नाव मारुतीच्या देवळामुळे तोंडात राहिलं, इतकंच.

असाच प्रकार आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडला. 1992 साली शहराची हद्द वाढली. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे ही गावं महापालिकेत आली आणि सगळ्यांना मिळून एकच नाव पडलं, 'हद्दवाढ भाग'. आपली सोसायटी त्यानंतरची. शेताचे प्लॉट पडले आणि त्यावर आपण राहायला आलो. गाव मात्र आधीपासून तिथेच होतं.

जुनी माणसं गावाचे दोन भाग सांगत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. इंग्रजांच्या मोजणीदारांनी काळी काटेकोर मोजली, कारण सारा तिच्यातून यायचा. पांढरीभोवती बहुतेक ठिकाणी नुसती रेघ मारली आणि आत लिहिलं, गावठाण. म्हणूनच शेताचा सातबारा निघतो, गावठाणातल्या घराचा निघत नाही. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा घेऊन कितीतरी माणसं माझ्या टेबलासमोर बसली असतील. तो कराचा कागद, मालकीचा नव्हे. म्हणून बँक कर्ज द्यायला कचरायची. चार पिढ्या त्याच घरात राहिलेल्या माणसाला "कागद अपुरे आहेत" असं सांगताना जीव थोडा व्हायचा. खेड्यांतल्या गावठाणांची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना आली ती 24 एप्रिल 2020 ला.

आता नियमांकडे येऊ. 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आणि 2020 च्या अखेरीस आलेली राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, यांत गावठाण आणि दाट वस्तीसाठी वेगळे नियम आहेत. नव्या लेआउटमध्ये घराच्या चारी बाजूंना जागा सोडावी लागते. गावठाणात त्यात सूट मिळते. पण मंडळी, ही सवलत आहे, संरक्षण नव्हे. घर बांधता यावं म्हणून ती दिलेली आहे. ओटा राहावा, पारासमोरची मोकळी जागा राहावी, देवळाच्या शिखरापेक्षा शेजारची इमारत उंच होऊ नये, यासाठी त्या सवलतीचा काही उपयोग नाही.

दुसरं टोक आपल्या भुईकोट किल्ल्याचं. तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे 200 मीटर परवानगीशिवाय नाही. किल्ल्याचं रक्षण होतं हे खरं, पण तिथल्या रहिवाशाला साध्या दुरुस्तीलाही परवानगीसाठी धावपळ करावी लागते आणि वारसा म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडते.

एकीकडे नुसती सवलत, दुसरीकडे नुसती बंदी. यांच्या मधला नियम असतो का? असतो. 1995 साली मुंबईनं वारसा नियमावली केली. एकट्या इमारतींबरोबर आख्ख्या वस्त्याही 'वारसा परिसर' म्हणून यादीत घेता येतात, त्यांची श्रेणी ठरते आणि फेरबदल करायचे तर आधी समितीचा सल्ला घ्यावा लागतो. गिरगावची खोताची वाडी त्याच यादीतली. आपल्या राज्याच्या नियमावलीतही वारसा इमारती आणि परिसर यांची तरतूद आहे. पण यादीत नाव आलं म्हणजे भागलं असंही नाही. खोताच्या वाडीतले कित्येक बंगले यादीनंतरही गेले. जुनं घर सांभाळायचा खर्च एकट्या मालकावर आणि ते बघायचा आनंद सगळ्यांना, हा हिशोब बँकेच्या माणसाला तरी जुळताना दिसत नाही. दुरुस्तीला हातभार नसेल तर नियमाला कोण जुमानणार?

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. उत्तर कसब्यातला आमचा माळवदाचा वाडा मी स्वतः पाडला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो होतो. तिकडे दगडमातीच्या भिंती आणि जाड मातीची छपरं अंगावर पडून हजारो माणसं गेली. त्यानंतर आमची आई माळवदाखाली झोपायला तयार होईना. तीन वर्षांनी वाडा उतरवला आणि तिथे आरसीसीची तीन मजली इमारत उभी केली. सगळं नियमात बसवून. रस्त्याच्या आखलेल्या रेषेपर्यंत मागे सरकलो, त्यात ओटा गेला. त्या ओट्यावर गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला आख्खी गल्ली दाटीवाटीनं बसायची. आम्ही मागे सरकलो, शेजारचे सरकले नाहीत, पुढचे अर्धे सरकले. गल्ली दात पडल्यासारखी दिसू लागली. आणि त्या सुटलेल्या जागेत झालं काय? मोटारसायकली लागल्या. रस्ता काही रुंद झाला नाही.

आईची भीती खोटी नव्हती, तेव्हा वाडा उतरवल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण घर मजबूत कर आणि ओटाही ठेव, असं सांगणारा नियमही नव्हता आणि मला सुचलंही नाही, याची हळहळ वाटते.

नियम कागदावरच असावा लागतो असंही नाही. नंदीध्वजाची वाट बघा. जानेवारीत ते उंच नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात, तेव्हा आडव्या तारा बाजूला घ्याव्या लागतात, रस्ता मोकळा ठेवावा लागतो. ती वाट कोणी अडवत नाही, कारण ती सगळ्यांची आहे. बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षातल्या रविवारी, गावठाणातले बोळ भंडाऱ्यानं पिवळे होतात. आपल्या सोसायटीची मुलं ते बघायला जातात.

सभेत एका तरुण सभासदानं विचारलं होतं, "काका, बाळ्यात काय ताजमहाल आहे का?" नाही. पण आपल्याकडे पंचवीस वर्षांत जे जमलं नाही ते तिथे आहे. संध्याकाळी माणसं दारात बसतात आणि कोण आजारी आहे ते गल्लीला ठाऊक असतं. त्या घरांची आणि बोळाची ठेवण तशी आहे म्हणून हे होतं.

ॲम्ब्युलन्सची अडचण मला मान्य आहे. तीवर आधी उपाय करू. बोळाच्या तोंडाशी लागणाऱ्या गाड्या हलवायला सांगू. त्यांतल्या काही आपल्याच आहेत. बाहेरून जाणारा रस्ता नीट करून मागू. आणि विकास आराखड्याचं प्रारूप जेव्हा प्रसिद्ध होतं, तेव्हा कायद्यानं प्रत्येक नागरिकाला ठरलेल्या मुदतीत हरकती-सूचना देता येतात. त्या वेळी सोसायटीनं गावठाणातल्या लोकांना विचारून, त्यांच्यासोबत लेखी सूचना द्यावी: देऊळ, पार आणि भोवतीची वस्ती एक परिसर म्हणून नोंदवा, दुरुस्तीला मदत करा, घर नव्यानं बांधलं तरी ओट्याला जागा द्या.

त्या अर्जावर पहिली सही माझी असेल. सभेत झालेला आधीचा अर्ज अजून चिटणीसांच्या कपाटात आहे असं ऐकतो. तो पुढे पाठवण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून बाळ्याच्या त्या बोळातून चालत जाऊन यावं, एवढीच विनंती.