वीणा मांडीवर घेऊन मिरजेला

आमच्या उंद्रीत सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दुपारचा पहारा कुणाचा, रात्री दोनचा कुणाचा, हे वहीत लिहिलेलं असतं. तर अशी ही वीणा गेल्या सप्ताहात काल्याच्या गर्दीत खांबावर आदळली आणि तिच्या भोपळ्याला तडा गेला.

मी उरुसात गाणं ऐकायला मिरजेला जाणार, ही बातमी गावात पसरली होती. उंद्री म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, खामगाव-चिखली रस्त्यावरचं गाव. इथं बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी भजनी मंडळातले म्हातारे विणेकरी दारात उभे. हातात धोतरात गुंडाळलेली वीणा.

"भाई, तुमी मिरजले जाऊन राह्यले म्हणे. मंग हे घेऊन जा. तिकडंच बनते हे."

मी म्हटलं, "दादा, मी गाणं ऐकायला चाललो."

"मंग हे बी गान्याचंच हाय."

यावर उत्तर नव्हतं. शेगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. दुपार कलताना बसलं की दुसऱ्या दिवशी मिरज. गाडीत वीणा वर ठेवायला जीव होईना, म्हणून मांडीवर घेतली. समोरच्या गृहस्थांनी हात जोडून विचारलं, "महाराज, कीर्तन कुठं आहे?" मी म्हटलं, "कीर्तन नाही, दुरुस्ती आहे." मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. ते थोडा वेळ माझ्याकडे आणि थोडा वेळ विणेकडे बघत राहिले. नंतर त्यांनी सरकून विणेसाठी वीतभर जागा करून दिली. मराठीत कविता करायला लागल्यापासून असं बघणं माझ्या अंगवळणी पडलं आहे. जागा मात्र दर वेळी मिळतेच असं नाही.

मिरज आपल्याला दोन गोष्टींसाठी माहीत असते, रेल्वेचं जंक्शन आणि दवाखाने. पण स्टेशनवरून गावात गेलात की सतारमेकर गल्ली लागते. दाराशी वाळत घातलेले भोपळे, आत रंध्याचा आवाज आणि लाखेचा वास. या गल्लीची कुळकथा तलवारीपासून सुरू होते. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मिरजेचं पटवर्धनांचं संस्थान राहिलं, पण लढाया राहिल्या नाहीत. तलवारीला धार लावून घेणार कोण? तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोहिउद्दीन वाद्यांकडे वळले. आधी वाद्यांची दुरुस्ती, मग तंबोरे आणि सतारी घडवणं. पोलाद ओळखणाऱ्या हातांनी लाकूड ओळखायला किती वर्षं घेतली असतील, याचा मी गल्लीत उभा राहून विचार करत होतो. शिकलगार हे आडनाव मागं पडून सतारमेकर पुढं आलं, यातच काय ते आलं.

असं जगात दुसरीकडेही घडलं आहे. माझ्या भाच्यानं पुण्यात शिकताना एक चार तारांचं चिमुकलं वाद्य घेतलं, उकुलेले. मला ते खेळण्यासारखं वाटलं, म्हणून त्याची माहिती काढली. १८७९ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या मदिरा बेटावरून शेकडो लोक उसाच्या मळ्यांत मजुरी करायला जहाजानं हवाई बेटांवर पोचले. त्यांत नुनेस, डियास आणि एस्पिरितो सांतो असे तिघे लाकूडकाम करणारे होते. करार मळ्याचा, पण हात सुताराचे. आपल्या गावाकडच्या छोट्या वाद्याच्या धर्तीवर त्यांनी तिथल्या लाकडातून वाद्यं केली. हवाईचा राजा कालाकाऊआ यानं ती उचलून धरली. आज त्या वाद्याचे मेळावे दूरदूरच्या किनाऱ्यांवर भरतात. मिरजेला समुद्र नाही, कृष्णा आहे. बाकी गोष्ट फार वेगळी नाही. पोटाचा धंदा बुडालेला किंवा बदललेला कारागीर आणि गाणं आवडणारा एक राजा.

गाणारे मिरजेला आधीपासून होतेच. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहत. लहानपणी फटाक्याची दारू उडून डोळे अधू झालेला एक मुलगा त्यांच्याकडे शिकला. पुढं १८९६ मध्ये तो मिरजेतून बाहेर पडला आणि ५ मे १९०१ रोजी त्यानं लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. आणि मग आले उस्ताद अब्दुल करीम खाँ. उत्तरेतल्या किराना गावचे, जन्म १८७२ चा. बडोद्याहून निघून फिरत फिरत मिरजेत आले आणि इथलेच झाले. कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ चा, मिरजेतला. खाँसाहेबांनी शाळा काढली, गरिबांच्या मुलांना घरी ठेवून शिकवलं, मराठी नाट्यपदं गायली. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी हे सवाई गंधर्वांचे.

खाँसाहेबांची भक्ती ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी ते मद्रासहून पाँडिचेरीला चालले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. सांगतात, की फलाटावर वळकटी पसरून त्यांनी तंबोरा लावायला सांगितला आणि गातागाताच प्राण सोडला. त्यांना मिरजेला आणून याच दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासूनची ही उरुसातली संगीत सभा. उरूस हिजरी पंचांगानं चालतो, त्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतो. सध्या तो थंडीत येतो. मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे बाहेरच्या माणसाला मुद्दाम सांगावं लागतं. मिरजेत ते सगळ्यांना ठाऊक असतं.

सभा दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली होते. खाँसाहेब इथंच बसून गात, म्हणून. तिकीट नाही, पास नाही. पुण्याच्या मोठ्या महोत्सवात मी एकदा मागच्या कोपऱ्यात बसलो होतो, तिकिटाच्या पैशात घरी महिन्याचा किराणा आला असता. इथं मी जाजमावर गायकापासून बारा हातांवर होतो. हिराबाई, गंगूबाई हनगल, भीमसेन या सगळ्यांनी इथं येऊन हजेरी लावलेली. इथं गाणं म्हणजे सेवा.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ शाल पांघरून बसले होते. विलंबित चालू होतं, लोक माना डोलावत होते, आणि यांची नजर मात्र गायकाच्या मागं तंबोऱ्यावर. मधेच पुटपुटले, "उजव्याचा जीव सरकलाय." मला वाटलं कुणाला तरी बरं नाही. मग कळलं, की घोडीवर तारेखाली जो सुताचा धागा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. हे स्वतः तंबोरे करणारे होते. मी दबक्या आवाजात विणेचं सांगितलं. आम्ही सुरुवात हिंदीत केली होती. माझी वऱ्हाडी हिंदी आणि त्यांची दख्खनी, दोन वाक्यांत दोघंही मराठीवर आलो.

"सकाळी या की गल्लीत," ते म्हणाले. "आता ऐका."

सकाळी त्यांनी वीणा उलटीपालटी केली, भोपळ्यावर बोटं वाजवली. "आमच्या गल्लीतलीच आहे. साठेक वर्षांची असंल." कुणी केली, विचारलं. हसले. तंबोरा गवयाच्या नावानं ओळखला जातो, करणाऱ्याच्या नाही. मला ते लागलं. गाणाऱ्यांची चरित्रं लिहिली जातात. ज्याच्या सुरावर ते गायले, तो सूर घडवणाऱ्याचं नाव जाहिरातीतसुद्धा नसतं. आकाशवाणीच्या सुरुवातीच्या धूनमध्येही तंबोरा आहे. उंद्रीच्या घरी अंधारात रेडिओ लागायचा, तेव्हा पहिल्यांदा तोच कानावर पडायचा. धून बांधली युरोपातून मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकारानं, एवढं निदान पुस्तकात सापडतं.

तीन दिवस मी तिथं बसून बघत होतो. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. खायचे नव्हेत, कडू आणि जाड सालीचे. ते महिनोन् महिने वाळवायचे. लाकूड तुणीचं. सांधे सरसानं बसवायचे, वर लाखेचं पॉलिश. हे शिकता येतं. शिकवता येत नाही ती जवारी. घोडीचा माथा कानसीनं असा घासायचा, की तार त्याला स्पर्श करते आणि करत नाही. केसभर जास्त घासलं तर आवाज मुका होतो, कमी घासलं तर कर्कश. कान लावून, दोनदा कानस फिरवून, पुन्हा कान लावून. मधेच वीज गेली तर त्यांचं काही अडलं नाही. माझ्या धंद्यातही असंच असतं, एक शब्द इकडचा तिकडे. फक्त माझी चूक झाली तर कुणाची वीणा मुकी होत नाही.

बंगळुरूत १९७९ च्या सुमारास विजेवरचा तंबोरा निघाला. आता तो मोबाइलमध्ये आला आहे, तोही बऱ्याचदा फुकट. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद आहे का, विचारल्यावर ते म्हणाले, "आहे की. पण पोरगं कानस हातात धरंल का, ते मानांकनात लिहिलेलं नाही." त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीत होता. पुतण्या मात्र शेजारी बसून खुंट्या घासत होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वीणा माझ्या हातात दिली. मी तार छेडली. छोट्या खोलीतले अर्धवट तंबोरे, नुसते भोपळे, सगळंच क्षणभर गुणगुणलं. मग त्यांनी बिल लिहिलं, चोवीसशे रुपये. मंडळानं माझ्याकडे दोन हजार दिले होते. मी म्हटलं, "चाचा, देवाचं काम आहे, दोन हजार करा." त्यांनी चष्मा वर केला.

"देवाचं काम रात्री चिंचेखाली. तिथं मी सगळे तंबोरे फुकट लावून देतो. हे दुकान आहे."

मी चोवीसशे दिले.

उंद्रीत परतलो तेव्हा मंडळातले चार-पाच जण मंदिराच्या पायरीवर जमले होते. म्हातारे विणेकरी तार छेडून बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वही आना." खर्च लिहिताना त्यांनी विचारलं, "करनाऱ्याचं नाव काय, भाई?" मी सांगितलं. त्यांनी ते जुळवून जुळवून, कानामात्रा विचारत लिहिलं. खजिनदार म्हणाला, "आन् वरचे चारशे?"

"ते," विणेकरी म्हणाले, "भाईच्या गान्याचं तिकीट समजा."