रिमोटच्या आधी रबर: पहिलं आरसी विमान जोडताना

आरसी विमानाचं किट घरी आलं की पहिला हात जातो रिमोटकडे. मला विचाराल तर तो जरा बाजूला ठेवा आणि माझ्यासोबत १८७१ सालच्या पॅरिसला चला.

तिथल्या तुइलरी बागेत आल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने एक छोटंसं विमान सोडलं. पीळ दिलेलं रबर सुटायचं आणि मागचा पंखा फिरायचा. उडालं किती? ११ सेकंद, साधारण ४० मीटर. आता म्हणाल, यात काय एवढं? अहो, त्याला कुणीच चालवत नव्हतं! तरी ते तोल सांभाळून गेलं. पेनोने पंखांची टोकं वर उचलली होती. विमान कललं की त्याच बाजूला घसरायला लागतं, मग खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते सावरतं. शिवाय मागची शेपटी पंखापेक्षा थोड्या कमी कोनात होती, म्हणून नाकही आपोआप जागेवर यायचं.

आता थेट १९३७. अमेरिकेतलं कॅलामाझू गाव, वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ. एकाला विमानांचं वेड, दुसऱ्याला हॅम रेडिओचं. त्यांचं रेडिओवर चालणारं ‘गफ’ आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गंमत म्हणजे त्यातही रबर होतंच! रेडिओ फक्त खटका सोडायचा, सुकाणू वळवायचा जोर रबराच्या पिळाचा. पुढे कित्येक वर्षं अनेक हौशी लोकांकडे एकच बटण असायचं. दोन सिग्नलच्या मधे विमान स्वतःच्याच भरवशावर.

म्हणून पहिलं किट घ्याल ते वरच्या पंखाचं ट्रेनर घ्या. दोन पंख जोडताना मधे जो कोन येतो, त्याला डायहेड्रल म्हणतात. तो चुकलाय असं वाटून सपाट करू नका, प्लीज. दोन्ही टोकं टेबलापासून सारखी उंच आहेत ना, ते पट्टीने मोजा, आणि गोंद पूर्ण वाळू द्या.

मग तोल. बॅटरीसकट सगळं बसवून झाल्यावरच बघायचा. नकाशात खूण असेल तर तीच पाळा. नसेल तर साध्या आयताकृती पंखाला पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे पंख २०० मिलिमीटर रुंद असेल तर ५० ते ६० वर, दोन बोटांनी उचला. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. शेपूट जड असलेलं विमान हातात राहत नाही, आणि इथे कोडसारखं रोलबॅक नसतं! सुकाणूची दिशाही मागे उभं राहून तपासा: स्टिक उजवीकडे, तर सुकाणूही उजवीकडे.

शेवटी उंच गवताचं मैदान गाठा. मोटर बंद ठेवून, वाऱ्याच्या समोर, विमान सपाट आणि हलकेच सोडा. नाकावर आपटलं तर बॅटरी किंचित मागे. वर उसळून मधेच थांबलं तर पुढे. सरळ तरंगत उतरेपर्यंत हेच करा. मग घ्या तो रिमोट हातात.