फर्माईश आणि तिची किंमत

मराठीत ‘यादी’ हा शब्द फारसीतून आला. तिकडे ‘याद’ म्हणजे आठवण. विसरू नये म्हणून लिहून ठेवलेले टिपण ते याद, यादी. वाण्याची यादी असते तोवर सगळे सोपे असते. पण लग्नाच्या बैठकीत ‘याद्या’ होतात तेव्हा काय होते ते आपण सगळे जाणतो. ‘आमचं तसं काही मागणं नाही’ म्हणणाऱ्याचीच यादी सर्वांत लांब निघते!

संग्राहकाची यादी या दोहोंच्या मधली. चित्रे, मूर्ती, हस्तलिखिते जमवणाऱ्या माणसाने आपल्याला नेमके काय हवे आहे ते चारचौघांत सांगावे की मनात ठेवावे? मुरलेले संग्राहक म्हणतात, ओठ शिवून घ्या; ‘हवे’ म्हणालात की भाव चढलाच. नवखे विचारतात, सांगितलेच नाही तर देणाऱ्याला कळणार कसे? हा वाद ऐकला की मला आठवतो तो एक संग्राहक, ज्याची आवड गोव्यापासून इस्फहानपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. बादशहा जहांगीर.

जहांगीर १६०५ मध्ये गादीवर बसला. राज्यकर्ता म्हणून त्याच्याविषयी बरेवाईट पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी पडत नाही. पण चित्र पाहण्याची त्याची नजर विलक्षण होती. एकाच चित्रातले चेहरे वेगवेगळ्या चित्रकारांनी काढले असतील तर कुठला चेहरा कुणाच्या हातचा ते मी सांगू शकतो, अशी फुशारकी त्याने आपल्या आत्मचरित्रात मारली आहे. त्याच्या चित्रशाळेतले काम पाहिले की ती फुशारकी खरी वाटू लागते.

या बादशहाने मुकर्रबखान नावाच्या सरदाराला गोव्याच्या बंदरात पाठवले. काम एकच, तिथे मिळतील त्या अपूर्व वस्तू सरकारसाठी विकत घ्यायच्या. १६१२ मध्ये खान परतला. त्याने पैशाकडे बघितलेच नाही, फिरंग्यांनी जी किंमत सांगितली ती मोजली, हे जहांगिराने स्वतः कौतुकाने लिहून ठेवले आहे. आता विचार करा, गोव्याच्या बाजारात ही बातमी किती वेळात पसरली असेल! बादशहाचा माणूस आला आहे, आणि तो घासाघीस करत नाही. त्या वस्तूंत काही प्राणी-पक्षीही होते. त्यातला टर्की कोंबडा मूळचा अमेरिकेतला, पोर्तुगिजांच्या जहाजातून इकडे आलेला. जहांगिराने त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रही काढवून घेतले. उस्ताद मन्सूरने काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हा उघड फर्माईशीने काहीच दिले नाही असे कुणी म्हणू नये. तो पक्षी आला नसता तर ते चित्रही झाले नसते.

इंग्रजांनी हे हेरले नसते तरच नवल. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेस उतरला आणि पुढे अजमेरला दरबारात हजर झाला. त्याच्या रोजनिशीत आणि पत्रांत नजराण्यांची चिंता पानोपानी आहे. कंपनीने पाठवलेल्या वस्तू इथे कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, अमुक पाठवा, तमुक पाठवा, असे तो विलायतेला कळवत राहतो. म्हणजे बादशहाच्या आवडीची यादी आता परक्या व्यापाऱ्यांच्या वहीत गेली. जहांगिराला मोठा इंग्रजी घोडा हवा होता. समुद्रावर तो जगायचा नाही, असे रो म्हणाला, तर बादशहाचे उत्तर असे की, सहा पाठवा, त्यातला एखादा तरी जगेल. उरलेल्या पाचांचे काय, हा प्रश्न त्या खोलीत कुणालाच पडला नाही.

रोजवळ एका स्त्रीचे लहानसे चित्र होते. जहांगिराने ते पाहिले आणि आपल्या चित्रकाराकडून त्याच्या पाच नकला करवल्या. मग रात्री मेणबत्तीच्या उजेडात सहाही चित्रे रोसमोर ठेवली आणि विचारले, तुझे कुठले? वकीलसाहेबांना ओळखताना बरीच अडचण पडली. बादशहा खूष झाला. दरबारात ही गंमत होती. पण ज्या हातांना इतकी हुबेहूब नक्कल जमते ते हात बाजारातही असतात, आणि बाजारात कुणी मेणबत्ती धरून ‘ओळखा बरे’ असे विचारत नाही.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एका चोरीच्या चित्राची हकिगत. जहांगिराने खान आलम नावाच्या सरदाराला इराणच्या शाह अब्बासकडे वकील म्हणून धाडले होते. १६२० मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याजवळ एक जुने चित्र होते. तैमूर आणि तोख्तमिश यांच्या लढाईचे. त्यात दोनशे चाळीस माणसे होती आणि प्रत्येकाशेजारी त्याचे नाव लिहिलेले. मोगल स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवीत, म्हणजे जहांगिराच्या दृष्टीने हा घरच्या पूर्वजांचाच मेळावा. हे चित्र मुळात इराणच्या शाही ग्रंथालयातले. तिथल्या सादिकी नावाच्या ग्रंथपालाने ते चोरून विकले आणि फिरत फिरत ते इस्फहानमध्ये खान आलमच्या हाती लागले.

ही बातमी शाहच्या कानावर गेली. त्याने ‘जरा बघू’ म्हणून चित्र मागवले. खान आलमने टाळाटाळ केली, सबबी सांगितल्या. पण शाह हटेना, तेव्हा चित्र द्यावे लागले. शाहने पाहताक्षणी ओळखले. आता वस्तू मालकाच्या हातात होती आणि वकिलाचा चेहरा काय झाला असेल याची आपण कल्पनाच करावी. पण जहांगिराला अशा वस्तूंचे किती वेड आहे हे शाहला ठाऊक होते. त्याने खान आलमला चित्राची खरी हकिगत सांगितली आणि ते त्याला परत दिले.

हे सारे आपल्याला कळते ते जहांगिराच्याच लेखणीतून. चोरी त्याने झाकलेली नाही. मला या गोष्टीत दोन माणसे दिसतात. खान आलम मिळालेली वस्तू लपवू पाहतो. शाह ती उजेडात मागवतो. चित्र लपूनछपून हिंदुस्थानात आले असते तर तो चोरीचा माल ठरला असता. मालकासमोर आले आणि मालकाने दिले, म्हणून ती भेट झाली.

गुप्तता पाळली म्हणजे वस्तू सुखरूप राहते, हा समजही इतिहासाने खोटा पाडला आहे. तिथे बादशहाची खुली फर्माईश होती. अडीचशे वर्षांनी, मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमध्ये, याच्या नेमके उलट घडले. १८६८ मध्ये क्लाइन नावाच्या पाद्र्याने धीबान गावी एक काळा शिलालेख पाहिला. मोआबचा राजा मेशा याचा, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. प्रशियाच्या वकिलातीने गुपचूप खरेदीची बोलणी सुरू केली. फ्रेंचांच्या बाजूने क्लेरमाँ-गानो या विद्वानाने माणसे पाठवून त्यावर ओला कागद दाबून ठसा घेतला. मग तुर्की अंमलदारांचा दबाव आला. एवढे सगळे या दगडामागे लागले आहेत हे पाहून तिथल्या बदाउनी लोकांनी १८६९ मध्ये तो विस्तवावर तापवला, वर गार पाणी ओतले आणि तुकडे आपसांत वाटून घेतले. मिळाले तेवढे तुकडे जोडून तो आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये उभा आहे. मजकूर बराचसा वाचता येतो तो त्या कागदी ठशामुळे.

पुढची गोष्ट लवकर सांगतो. मोआबचे काहीही युरोपला हवे आहे, हे जेरुसलेमच्या बाजारात सर्वांना कळले. शापिरा नावाच्या व्यापाऱ्याने मोआबी म्हणून सुमारे सतराशे मातीच्या वस्तू १८७३ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयाला विकल्या. त्या बनावट निघाल्या. बनावट ओळखणारा पुन्हा क्लेरमाँ-गानोच.

माझे एक स्नेही राजा रविवर्मांच्या छापखान्यातली चित्रे जमवतात. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९७२ मध्ये आगीत जळाला. स्नेह्यांना हव्या असलेल्या चित्रांची यादी त्यांनी एका साप्ताहिकात छापून आणली. महिन्याभरात तीन माणसे ‘अस्सल’ माल घेऊन आली. चौकटी जुन्या सागवानी, आतला कागद कोरा करकरीत. पण एक पत्रही आले. एका वृद्ध बाईंचे. यादीतली लक्ष्मी आमच्या देवघरात आहे, सासूबाईंनी तिच्या लुगड्याला जर आणि टिकल्या लावल्या आहेत, ती विकायची नाही, पण पाहायला अवश्य या. स्नेही गेले, पाहून आले. त्यांचे मित्र म्हणतात यादीचा फायदा शून्य झाला. मला तसे वाटत नाही. छापील यादी भेसळवाला वाचतो तशी मालकीणही वाचते. दलालाच्या कानात सांगितलेली फर्माईश फक्त दलालालाच ऐकू येते.

म्हणून माझे मत सांगायचे तर, यादी जरूर छापावी. तिच्यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी. ‘वाटेल ती किंमत देऊ’ हे शब्द नसावेत, आणि ‘वस्तू तुमच्याकडे कशी आली ते कळवावे’ ही ओळ असावी. मुकर्रबखानाने मोजलेली किंमत एकवेळ सोडून देता येईल, पण ‘कुठून आणलेत?’ हा प्रश्न त्याने गोव्यात कुणाला विचारल्याचे दिसत नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांची गोष्ट वेगळी. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा माणूस दिवे, अडकित्ते, दौती, पळ्या असे काहीबाही जमवत जुन्या बाजारात आणि मोडत्या वाड्यांत फिरला. त्यांना काय हवे ते लपून राहिले नव्हते. पण त्या काळी अडकित्त्याची नक्कल करून कुणाचे पोट भरणार? कवीला परवडतील अशाच वस्तू त्यांनी मागितल्या, असे मी म्हणेन. कवीच्या खिशाची मला थोडी कल्पना आहे. तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला.

मोठ्या थैलीवाल्यांचे मात्र तसे नसते. कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून चोळकालीन कांस्य नटराज घेतला, सुमारे पन्नास लाख डॉलरना. सोबत मालकीचे कागद होते, ते खोटे होते. मूर्ती तामिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या देवळातून चोरलेली. पण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या माणसांनी पूर्वी गावोगाव हिंडून देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. कुठे काय आहे याची ती यादीच. त्यात हा नटराज होता. फोटो आणि मूर्ती शेजारी ठेवून पाहिल्यावर ओळख पटली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत ती मूर्ती भारताच्या स्वाधीन केली.