वैद्य-संशोधकाची कुळकथा

रोग्याच्या नाडीवर बोट ठेवणारा आणि प्रयोगशाळेत रक्ताच्या एका थेंबाचा महिनोन्‌महिने पिच्छा पुरवणारा, असे दोन पुरुष एकाच देही नांदावेत, ही अपेक्षा वैद्यकशास्त्राने आपल्या शिष्यांकडून केली त्याला फार काळ लोटलेला नाही. आणि अशा दुहेरी शिक्षणाचा खर्च सरकारी खजिन्याने सोसावा, ही तजवीज तर १९६४ सालची, अमेरिकेतली. तिचे मूळ मात्र जर्मनीत आहे.

पदवी हवी तर विद्यार्थ्याने प्रबंध लिहिला पाहिजे, हा एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांचा दंडक. बर्लिनमध्ये फिर्शोसारख्या आचार्याच्या संस्थेत शिकलेल्या पॉल लँगरहान्स या तरुणाने १८६९ साली आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील काही निराळ्या पेशींची पुंजकी वर्णिली आणि त्यांचे प्रयोजन आपणास ठाऊक नसल्याचे सरळ नमूद केले. पुढे अर्ध्या शतकाने टोरांटोला ज्या इन्शुलिनचा शोध लागला, ते याच पुंजक्यांत निर्माण होते. पदवीपुरते लिहिलेले सगळेच प्रबंध असे भाग्यवान नसतात, हे सांगावयास नकोच.

ही जर्मन रीत अमेरिकेत रुजवली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स वैद्यक महाविद्यालयाने. १८९३ साली उघडलेल्या या संस्थेने प्रवेशासाठी आधी पदवीची अट घातली, आणि रुग्णशय्या व प्रयोगशाळा या दोहोंना अध्यापनात सारखाच मान दिला. तेथे जे मॅक्लीन नावाचा, अंगमेहनतीची कामे करून शिक्षणाचा खर्च भागवणारा एक विद्यार्थी आला आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हॉवेल यांच्यापाशी त्याने संशोधनासाठी काम मागितले. हॉवेल यांनी त्याला दिलेले काम अगदी बेताचे होते: मेंदूतून काढलेल्या ज्या द्रव्याने रक्त गोठते, ते शुद्ध करून पाहावयाचे. मॅक्लीनने मेंदूबरोबर हृदय आणि यकृत यांचेही अर्क काढले, आणि यकृताच्या अर्काने रक्त गोठण्याऐवजी पातळच राहते, असे त्याच्या ध्यानी आले. हॉवेल यांचा विश्वास बसेना. तेव्हा, मॅक्लीनने पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे, त्याने मांजराच्या रक्ताने भरलेले एक लहानसे काचपात्र त्यांच्या मेजावर ठेवले, त्यात आपला अर्क ढवळला आणि रक्त गोठले म्हणजे मला कळवा, एवढेच सांगितले. ते रक्त कधीच गोठले नाही. १९१६ साली मॅक्लीनचा निबंध प्रसिद्ध झाला आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाच्या इतिहासाला प्रारंभ झाला. श्रेय गुरूचे किती आणि शिष्याचे किती, हा वाद मात्र पुढे बराच काळ चालला.

परंतु मॅक्लीनसारखे विद्यार्थी स्वतःच्या हिमतीवर येत. त्यांच्यासाठी राबता राजमार्ग नव्हता. तो घडवण्यास, चमत्कारिक वाटेल, पण युद्धखात्याचा मोठाच हातभार लागला. १९५३ साली बेथेस्डा येथे अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे संशोधन-रुग्णालय उघडले. डॉक्टरांवर सक्तीच्या लष्करी सेवेचा हुकूम असे. पण तेथील दोन वर्षांची नेमणूक त्या सेवेच्या बदली धरली जाई. व्हिएतनामच्या युद्धकाळात या जागांसाठी उत्तमोत्तम तरुणांची रीघ लागली, आणि थट्टेखोरांनी त्यांचे नाव ‘पिवळ्या टोप्या’ असे ठेवले. १९६८ साली रुजू झालेल्यांपैकी गोल्डस्टीन, ब्राउन, व्हार्मस आणि लेफ्कोविट्झ या चौघांना पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. गोल्डस्टीन यांना तेथील रुग्णविभागात अशी भावंडे पाहावयास मिळाली की ज्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल जन्मतःच बेसुमार वाढलेले होते. त्या रोग्यांचे कोडे मनात धरून त्यांनी आणि ब्राउन यांनी पुढे डॅलसला पेशींच्या पृष्ठभागावरील, कोलेस्टेरॉल टिपणाऱ्या ग्राहकाचा शोध लावला. रोगी पाहिला नसता तर प्रश्न सुचला नसता, आणि प्रयोग येत नसता तर उत्तर सापडले नसते.

इकडे क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५६ सालीच वैद्यक आणि विज्ञान या दोहोंतील डॉक्टरकीचा एकत्र अभ्यासक्रम सुरू केला होता. सरकारी योजना आठ वर्षांनी आली. आरंभी आइन्स्टाइन, न्यूयॉर्क आणि नॉर्थवेस्टर्न अशी तीनच महाविद्यालये तिच्यात होती. आज ती पन्नासांहून अधिक आहेत. विद्यार्थी दोन वर्षे वैद्यक शिकतो, मग तीन-चार वर्षे प्रयोगशाळेत घालवून प्रबंध पुरा करतो आणि पुन्हा रुग्णालयात परततो. सात-आठ वर्षांच्या या मुदतीत त्याला शिक्षणशुल्क भरावे लागत नाही आणि निर्वाहापुरता तनखाही मिळतो. माझ्या मते या योजनेचे मर्म अभ्यासक्रमाच्या रचनेत नसून या तनख्यात आहे. पोटाची विवंचना नसलेली तीन-चार सलग वर्षे, हीच तिची खरी देणगी. १९७३ साली सक्तीची लष्करी भरती बंद झाली आणि बेथेस्डाचा तो ओघ आटला. १९७९ साली जेम्स वाइनगार्डन यांनी रोग्यांवर संशोधन करणारा वैद्य हा नामशेष होऊ घातलेला प्राणी असल्याचा इशारा दिला, आणि तेच वाइनगार्डन पुढे त्या राष्ट्रीय संस्थांचे संचालक झाले.

त्याच १९७९ साली आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने वैद्यकाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची विद्यावृत्ती सुरू केली. परिषदेची परंपरा १९११ सालापासूनची, म्हणजे धनाची असली तरी वयाची उणीव नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपल्याकडेही प्रबंध लिहावा लागतो. पण तो बाह्यरुग्ण विभाग, रात्रपाळी आणि परीक्षा यांच्या सांदीकोपऱ्यांत, जमेल तसा. पदवीपूर्व विद्यार्थ्याला या विद्यावृत्तीतून संशोधनासाठी जो निर्वेध अवधी मिळतो, तो दोन महिन्यांचा आहे. मॅक्लीनसारख्या एखाद्याला त्याऐवजी सबंध वर्षाची रजा, ज्येष्ठता न गमावता आणि वेतनासह, मंजूर करण्याची तजवीज आपल्या अधिष्ठात्यांनी एकदा करून पाहावी.