लॅपटॉपची गुणगुण आणि बंगळुरूचा निःशब्द संगणक

सन २००० च्या सुमारास रात्रीच्या शांततेत लॅपटॉप सुरू केला, की त्यातून दोन आवाज येत : एक अखंड गुणगुण आणि मधूनच होणारी कटकट. दोन्हींचे उगमस्थान बहुधा हार्ड डिस्क. तिच्या तबकड्या मिनिटाला ४,२०० म्हणजे सेकंदाला ७० फेरे घेत. त्यांची आणि बेअरिंगमधील पोलादी गोळ्यांची कंपने मिळून गुणगुण होई. वाचनशीर्ष एका जागेवरून दुसरीकडे झेपावताना कटकट होई. डिस्क स्वतः फारशी वाजत नाही. पण तंबोऱ्याची तार भोपळ्यामुळे घुमते, तशी तिची कंपने लॅपटॉपच्या पातळ कवचातून घुमत.

उपाय झाले. डिस्क रबरी आधारांवर बसवण्यात आली. पोलादी गोळ्यांच्या जागी तेलाचा सूक्ष्म थर असलेली द्रव-बेअरिंग आली, आणि गुणगुण पुष्कळच ओसरली. कटकटीसाठी शीर्ष सावकाश हलवण्याची सोय अनेक डिस्कमध्ये देण्यात आली : १२८ हा आकडा सर्वांत शांत, तर २५४ सर्वांत वेगवान. शांततेचा मोबदला वेगाने चुकवावा लागे.

बंगळुरूत मात्र याच काळात तबकडीच वगळलेला एक संगणक घडत होता. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी एप्रिल २००१ मध्ये ‘सिम्प्यूटर’चा नमुना सादर केला. हातात मावणारे हे यंत्र खेड्यात अनेकांनी मिळून वापरावे, ही कल्पना होती. शांतता हे त्यांचे उद्दिष्ट नव्हतेच. धूळ, धक्के आणि विजेची टंचाई यांपुढे फिरती डिस्क टिकणार नव्हती, म्हणून फ्लॅश स्मृती निवडली गेली. ती तेव्हा महाग होती. लॅपटॉपची डिस्क गिगाबाइटांत मोजली जात असताना सिम्प्यूटरला काही मेगाबाइटांत भागवावे लागले.

या टंचाईचा सर्वांत सुंदर परिणाम (हे थोडे विषयांतर) ‘ध्वनी’ या प्रणालीत दिसतो. वाचता न येणाऱ्यांसाठी मजकूर बोलून दाखवणारी ही प्रणाली हरिहरन यांनी रचली. मुद्रित ध्वनीचे लहान तुकडे जोडून ती शब्द उच्चारी. त्यामुळे थोड्या जागेत मावे.

२००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने ‘अमिडा सिम्प्यूटर’ बाजारात आला. स्वस्त आवृत्तीही दहा हजार रुपयांच्या आसपास होती. एवढी किंमत खेड्याला परवडणारी नव्हती आणि शहरातील ग्राहक मोबाइलकडे वळत होता. विक्री काही हजारांपुढे गेली नाही. २००८ मध्ये ॲपलचा मॅकबुक एअर ६४ गिगाबाइटच्या फ्लॅश साठवणीसह मिळू लागला, तोही डिस्कवाल्या आवृत्तीहून कितीतरी महाग. ‘ध्वनी’ मात्र मुक्त सॉफ्टवेअर म्हणून पुढे वाढली आणि मराठीही बोलू लागली.