आजी विणते शाल, नातू बांधतो गाठी: ज्यूंचं ‘तालित’ घरी कसं तयार होतं?

इस्रायलचा झेंडा आठवून बघा. पांढऱ्या कापडावर मधोमध सहा टोकांचा तारा आणि वर-खाली दोन निळे पट्टे. २८ ऑक्टोबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या या झेंड्यावर हे पट्टे आले कुठून? ज्यू लोक प्रार्थनेच्या वेळी अंगावर जी शाल घेतात, तिच्यावरून. या शालीला हिब्रू भाषेत ‘तालित’ म्हणतात.

तालित आज दुकानात सहज तयार मिळतं. तरीही अमेरिका, इस्रायलसारख्या देशांत अनेक हौशी विणकर आपल्या मुलांसाठी, नातवंडांसाठी ते स्वतःच्या मागावर विणतात. गंमत म्हणजे, कितीही मेहनतीने विणलं तरी मागावरून उतरलेल्या कापडाला तालित म्हणत नाहीत. मग ते तालित होतं कधी? समजून घेऊया.

तालित कशासाठी?

याचं मूळ तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे. चार कोपरे असलेल्या वस्त्राच्या प्रत्येक कोपऱ्याला दोऱ्यांचा गोंडा बांधावा आणि तो पाहून देवाच्या आज्ञा आठवाव्यात, असा आदेश तिथे दिला आहे. या गोंड्याला ‘त्सित्सित’ म्हणतात. म्हणजे धर्माच्या दृष्टीने महत्त्व गोंड्यांना आहे, शाल हे ते बांधण्यासाठीचं वस्त्र.

तालित मुख्यतः सकाळच्या प्रार्थनेला घेतलं जातं. ‘शेमा’ ही प्रार्थना म्हणताना अनेक जण चारही गोंडे एका हातात एकत्र धरतात.

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. रायगड आणि मुंबई परिसरातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातही तालित वापरलं जातं. या समाजाचं मुंबईतलं ‘शार हारहमीम’ हे प्रार्थनास्थळ १७९६ सालचं आहे.

भेट कधी देतात?

मुलगा १३ वर्षांचा झाला की त्याचा ‘बार मित्झ्वा’ होतो, म्हणजे धर्माचे नियम पाळायची जबाबदारी त्याच्यावर येते. अनेक घरांत याच वेळी तालित भेट देतात. काही सनातनी समाजांत मात्र पुरुष लग्नानंतरच तालित घेऊ लागतो, त्यामुळे तिथे ती लग्नाची भेट असते. काही लग्नांत चार काठ्यांवर तालित ताणून त्याखालीच विधी होतात. उदारमतवादी पंथांमध्ये मुली आणि स्त्रियाही तालित घेतात.

बार मित्झ्वासाठी विणताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मुलगा अजून वाढणार असतो. त्यामुळे आजचं माप न घेता तो मोठा झाल्यावरही पुरेल अशी शाल विणली जाते.

सूत निवडतानाच चूक होऊ शकते

लोकर आणि लिनन, म्हणजे जवसाच्या खोडापासून काढलेला धागा, एकाच वस्त्रात वापरायला तोरामध्ये मनाई आहे. या मिश्रणाला ‘शातनेझ’ म्हणतात. लोकरीची शाल विणली, पण कोपऱ्याच्या ठिगळाला किंवा मानेवरच्या पट्टीला लिनन वापरलं, तर सगळी मेहनत वाया. म्हणून शिवायचा दोराही तपासून घेतात. त्सित्सितचे दोरे बहुतेकदा लोकरीचे असल्यामुळे पूर्ण लिननची शालही सहसा टाळली जाते. लोकर ही जुनी पसंती, पण सुती आणि रेशमी तालितही असतात.

रंगाचं तसं बंधन नाही. पांढऱ्यावर काळे किंवा निळे पट्टे नेहमीचे, पण घरी विणणारे इतर रंगही वापरतात.

मागावर काय होतं?

समजा शाल ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि दर सेंटिमीटरला ५ उभे धागे आहेत. म्हणजे ताण्यात ३०० धागे आले. आकसणं आणि मागावर वाया जाणारा भाग धरून प्रत्येक धागा ३ मीटरचा घेतला, तर फक्त ताण्यालाच ९०० मीटर सूत लागतं. हे ३०० धागे एकेक करून हाताने मागात ओवावे लागतात. विणायला सुरुवात होण्याआधीच बराच वेळ यात जातो.

पुढची परीक्षा पट्ट्यांची. शालीच्या दोन्ही टोकांचे पट्टे जुळायला हवेत. पण दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचेस्तोवर पहिलं टोक मागाच्या रुळावर गुंडाळलं गेलेलं असतं, दिसतच नाही. म्हणून विणकर प्रत्येक पट्ट्याची जागा आणि रुंदी आधीच लिहून ठेवतात.

कापड उतरलं की टोकांच्या दशांना पीळ किंवा गाठी देतात. मग ते धुतात. लोकर इथे आकसते आणि वीण घट्ट होते. फोटोत दिसणाऱ्या या दशांनाच अनेक जण त्सित्सित समजतात. पण दशा ही फक्त सजावट आहे.

मग तालित होतं कधी?

चारही कोपऱ्यांना ठिगळ लावून मजबुती देतात आणि प्रत्येकात एक छिद्र करतात. त्यातून चार दोरे ओवून दुमडले की आठ पदर होतात. त्यातला एक दोरा लांब असतो. तो बाकीच्यांभोवती गुंडाळत पाच दुहेरी गाठी मारतात. एका प्रचलित पद्धतीत गाठींच्या मधले वेढे ७, ८, ११ आणि १३ असतात, एकूण ३९.

हिब्रू अक्षरांना अंकांची किंमत असते. ‘त्सित्सित’ या शब्दाची किंमत ६०० होते. त्यात ८ पदर आणि ५ गाठी मिळवल्या की ६१३. तोरामध्ये आज्ञाही ६१३ मानल्या जातात.

शाल कोणी विणली, कोणत्या हेतूने विणली, याबद्दल अट नाही. त्सित्सितचं तसं नाही. त्याचे दोरे मुळात याच धर्मकार्याच्या हेतूने कातलेले लागतात, म्हणून घरी विणणारेही ते सहसा विकत आणतात. क्रमही ठरलेला आहे: आधी चार कोपऱ्यांचं वस्त्र पूर्ण, मगच गाठी. अनेकदा ज्याला भेट द्यायची, तो मुलगाच मोठ्यांच्या मदतीने त्या बांधतो.

तोरामध्ये गोंड्यात एक निळा धागाही सांगितला आहे. हा ‘तेखेलेत’ रंग समुद्री शंखगोगलगायीपासून मिळत असे. ही विद्या अनेक शतकं हरवली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रंग पुन्हा बनू लागला, तरी आजही बरेच जण पांढरेच दोरे वापरतात.

ही भेट पुढच्या पिढीकडे जाते का?

नेहमी नाही. दोरा तुटला तर गोंडा बदलता येतो, त्यामुळे शाल वर्षानुवर्षं वापरता येते. पण अनेक समाजांत माणूस गेल्यावर त्याला त्याच्याच तालितमध्ये गुंडाळून दफन करतात. त्याआधी एका कोपऱ्याचा गोंडा कापतात. आज्ञा पाळायची जबाबदारी जिवंत माणसांची असते, गेलेला माणूस तिच्यातून मोकळा झाला, हा त्यामागचा अर्थ.

म्हणजे आजी १३ वर्षांच्या नातवासाठी जी शाल विणते, ती त्याच्या लग्नात डोक्यावर असू शकते आणि शेवटच्या प्रवासातही अंगावर. मापं घेताना नातू वाढणार आहे हे धरावं लागतं, ते म्हणूनच.