हाटकेश्वराच्या पायरीवर

कार्तिकी पौर्णिमेची पहाट. रायपूरच्या महादेव घाटाच्या पायऱ्या तुम्ही उतरताय. पुन्नी मेळ्याला, म्हणजे पुनवेच्या जत्रेला, आलेल्या बाया खारून नदीच्या गार पाण्यात बुडी मारून निथळत वर येतायत, कुणी द्रोणात दिवा सोडतंय. समुद्र इथून फार लांब; पण हेच पाणी आधी शिवनाथेला, मग महानदीला मिळून बंगालच्या उपसागराला जाणार आहे. वर हाटकेश्वराचं देऊळ. भिंतींवर रंग चढलेत, त्यामुळे त्याचं वय नजरेला कळत नाही.

ते कळतं एका शिलालेखावरून. कोकणात जन्मलेल्या आणि नागपुरात हयात घालवलेल्या वा. वि. मिराशींचा कलचुरी-चेदी लेखांचा ग्रंथ 1955 साली निघाला, त्यात तो आहे. विक्रम संवत 1458, म्हणजे 1402. कलचुरी राजा ब्रह्मदेव. देऊळ बांधणारा हाजिराज नायक.

पायरीवर टेका. आधी नदीवरचा लक्ष्मण झुला विरतो, पलीकडचे दिवे जातात. मग 1758 नंतरची वर्षं सरकतात: बिंबाजी भोसल्यांचा अंमल, मोडीत लिहिणारे कारकून. तेही जाऊ द्या, आणखी मागे चला.

टक्. टक्. टक्.

नदी तीच, काठावर पळस फुललाय. देवळाच्या सावलीत शिळा आडवी ठेवलेली, तिच्यावर गेरूने ओळी लिहिल्यात. पाथरवट गुडघ्यावर बसून त्या कोरतोय. तुम्ही वाकता. अक्षरं नागरीच, अडखळत का होईना, लागतात.

शाळेने आपल्याला राजेच शिकवले. इथे देऊळ नायकाने बांधलंय. आणि तेरा वर्षांनी, 1415 मध्ये, याच राजाच्या काळात खल्लारीला देवपाल नावाच्या एका मोच्याने नारायणाचं देऊळ बांधलं. तेही दगडावर लिहून ठेवलेलं आहे. कलचुरींच्या लांबलचक वंशावळींपेक्षा मला ती नोंद मोलाची वाटते. चामडं शिवणाऱ्या हातांनी देवाला घर दिलं, आणि ते कुणाचे हात होते हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे.

पाथरवटाला हे सांगावंसं वाटतं. पण त्याचं लक्ष छिन्नीच्या टोकावर. वेलांटीचा बाक नीट उतरेपर्यंत तो श्वाससुद्धा जपून घेतोय. मग हातोडी खाली ठेवतो. शेजारी भरलेली घागर आहे, पण पुढच्या ओळीचा गेरू पुसला जाईल म्हणून पाणी लावत नाही. वाकून फुंकर मारतो. पांढरी भुकटी उडून तुमच्या पायांवर बसते.

तुम्ही बोट टेकवता. ना. य. क. घावाने दगड अजून कोमट आहे, आणि अक्षराची कड बोटाला लागते.